गुन्हेवृत्तान्तांतील कुटुंब

अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें 'न्यूगेट कॅलेंडर' या नांवाचा एक ग्रंथ फार वाचला जात असे. न्यूगेट हा लंडन शहराचा जुना तुरुंग. तेथील बंदिवानांच्या आणि फांसावर गेलेल्या स्त्रीपुरुषांच्या हकीकती या ग्रंथाच्या जाड खंडांतून एकत्र केलेल्या असत. त्याच्या एका आवृत्तीच्या आरंभीं एक चित्र छापलेलें आहे. एक सुखवस्तु गृहिणी आपल्या लहान मुलाच्या हातीं हाच ग्रंथ देत आहे आणि खिडकीबाहेर बोट करून त्याला कांहीं दाखवीत आहे. बाहेर दूरवर वधस्तंभ उभा असून त्याला एक देह लोंबत आहे. खुनांचीं व दरोड्यांचीं वर्णनें मुलाला वाचावयास देणें हें दक्ष आईचें कर्तव्यच होय, असा या चित्राचा अर्थ.

श्रोतेहो, आज या चित्राचें आपणांस हंसूं येईल. पण त्यांत एक गोष्ट अगदीं खरी आहे. खऱ्या गुन्ह्यांच्या हकीकती लिहिणाऱ्यांचें लक्ष पहिल्यापासून तुरुंगाकडे जितकें असतें तितकेंच घराकडे असतें. हकीकत वाचणारें घर एक, आणि जिची हकीकत सांगावयाची तें घर दुसरें. पहिल्या घराला जें ऐकावयास हवें असेल त्याप्रमाणें दुसऱ्या घराचें चित्र रंगविलें जातें. गेल्या दोन-अडीचशें वर्षांत हें चित्र कसकसें बदललें, आणि ज्यांचें घर खरोखरीच मोडलें त्यांना त्यांत कितपत न्याय मिळाला, याचा थोडक्यांत विचार आज करावयाचा आहे.

पहिल्या काळांत घर हा प्रवचनाचा विषय होता. न्यूगेटमध्यें नेमलेला धर्मोपदेशक देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हकीकती छापून विकीत असे आणि त्यावर त्याची बरीच प्राप्ति होई. या हकीकतींचा सांचा ठरलेला होता. मुलगा प्रथम आईबापांची अवज्ञा करतो. मग रविवारची प्रार्थना चुकवितो. मग दारूच्या गुत्त्यांत वाईट संगतीला लागतो. पुढें चोरी, आणि शेवटीं फांशी. गुन्ह्याच्या सांखळीची पहिली कडी घरांत आणि शेवटली वधस्तंभावर! दारिद्र्य, बेकारी, किरकोळ चोरीलाही देहान्त सांगणारे त्या काळचे निष्ठुर कायदे, यांचा या सांखळींत फारसा उल्लेख नसे. बाप ताठ असता तर मुलगा वांचला असता, एवढ्यावर सारा निर्णय होई, आणि वाचणाऱ्या बापाला आपण ताठ आहों याचें समाधान लाभे.

एकोणिसाव्या शतकांत मुद्रण स्वस्त झालें आणि या हकीकती एका कागदावर छापून रस्त्यांत ओरडून विकल्या जाऊं लागल्या. लंडनमधील गोरगरिबांच्या जीवनाची पाहणी करणारा लेखक हेन्री मेह्यू यानें या धंद्याची माहिती विक्रेत्यांकडूनच मिळविली होती. १८४९ सालीं मॅनिंग नांवाच्या नवराबायकोला खुनाबद्दल एकाच वेळीं फांशी झाली. त्यांच्या संबंधींचीं पत्रकें पंचवीस लक्ष खपलीं, असा आंकडा त्यानें दिला आहे. त्या फांशीच्या वेळीं जमलेल्या जमावाची थट्टामस्करी पाहून चार्ल्स डिकन्ससारख्या कादंबरीकारालाही किळस आली, आणि त्यानें 'टाइम्स' पत्राला लिहून उघड्या जागीं फांशी देण्याच्या चालीचा निषेध केला.

या पत्रकांतलें घर कसें असे, याचा नमुना म्हणून 'तांबड्या कोठारा'च्या प्रसिद्ध प्रकरणाकडे पाहावें. १८२७ च्या मे महिन्यांत सफोक परगण्यांतील पोलस्टेड खेड्यांतून मारिया मार्टेन ही तरुणी नाहींशी झाली. विल्यम कॉर्डर या सधन शेतकऱ्याच्या मुलाशीं लग्न करावयाचें म्हणून ती घराबाहेर पडली होती. पुढें कित्येक महिन्यांनीं तिच्या सावत्र आईनें सांगितलें कीं, मारियाला त्या कोठारांत पुरलें आहे असें आपल्याला स्वप्नांत दिसलें. बापानें तेथें खणून पाहिलें आणि प्रेत सांपडलें. १८२८ च्या ऑगस्टमध्यें कॉर्डर फांसावर गेला. पत्रकें, नाटकें व कळसूत्री बाहुल्यांचे खेळ यांनीं ही कथा साऱ्या इंग्लंडभर नेली. त्यांत म्हातारा प्रेमळ बाप होता, स्वप्न पाहणारी आई होती, भाबडी कन्या होती, आणि तिला फसविणारा श्रीमंत दुष्ट होता. प्रत्यक्षांत मारियाला लग्नावांचून तीन मुलें झालीं होतीं; त्यांतलें एक कॉर्डरच्याच थोरल्या भावापासून झालेलें. तिसरें मूल कॉर्डरचें होतें आणि तें तान्हेंच वारलें. यांपैकीं एक मुलगा तेवढा जगला होता व तो तिच्या बापाच्या घरींच राहत होता. परंतु निष्पाप कुमारिकेच्या चित्रांत या मुलाला कोठें बसवावयाचें? तेव्हां या कहाण्यांतून तो बहुधा गळून पडला. खुनानें ज्याची आई खरोखर हिरावली, त्यालाच आईसाठीं ढाळलेल्या अश्रूंत वांटा मिळाला नाहीं. चित्र शोभिवंत करण्यासाठीं घरांतलें माणूस वगळावयाचें, ही युक्ति पुढील लेखकांनींही फार वापरली आहे.

येथवरचीं घरें गरिबांचीं. सुखवस्तु वाचकाला तीं दुरून पाहतां येत. १८६० सालीं मात्र गुन्हा थेट त्याच्या शेजारच्या बंगल्यांत शिरला. विल्टशर परगण्याच्या सरहद्दीवर रोड नांवाचें खेडें आहे. तेथें सॅम्युएल केंट हे कारखान्यांचे सरकारी इन्स्पेक्टर राहत असत. २९ जूनच्या रात्रीं त्यांच्या बंगल्यांत घरचीं आणि चाकरीचीं मिळून बारा माणसें निजलीं होतीं. सकाळीं पावणेचार वर्षांचा मुलगा सॅव्हिल बिछान्यांत नव्हता. शोध करतां बागेजवळील शौचकूपांत गळा कापलेल्या स्थितींत त्याचें प्रेत मिळालें. बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती. बारा माणसांपैकींच कोणींतरी हें कृत्य केलें, हें उघड होतें.

लंडनहून जोनाथन व्हिचर हा नामांकित डिटेक्टिव्ह आला. त्यानें त्या घराची जी परीक्षा केली ती पोलिसाची होती, तशीच कांहीं अंशीं कुटुंबशास्त्रज्ञाचीही होती. केंट यांची पहिली बायको वारल्यावर त्यांनीं मुलींच्या शिक्षिकेशींच लग्न केलें होतें. नव्या बायकोचीं मुलें आईबापांच्या मजल्यावर निजत; पहिलीचीं मुलें वरच्या मजल्यावर, मोलकरणींच्या खोल्यांशेजारीं. पहिलीची मुलगी कॉन्स्टन्स सोळा वर्षांची होती. चार वर्षांपूर्वीं केंस कापून, मुलाचा वेष करून, धाकट्या भावासह ती घरांतून पळाली होती, आणि ते केंस तिनें त्याच शौचकूपांत टाकले होते. तिचा रात्रीं घालण्याचा एक झगा आतां हरवला होता. एवढ्या पुराव्यावर व्हिचरनें तिला पकडलें. सारा देश त्याच्यावर उलटला! एका माळ्याच्या मुलानें कुलीन कन्येच्या कपड्यांचा हिशेब विचारावा, हाच लोकांना मोठा अपराध वाटला. कॉन्स्टन्स सुटली आणि व्हिचरची अब्रू गेली.

या प्रकरणांत कुटुंबचित्राचें एक नवें रूप तयार झालें. घर आतां प्रवचनाचें उदाहरण राहिलें नाहीं. तें बंद कपाट झालें. कपाटांत काय आहे हें ओळखण्याचा छंद साऱ्या देशाला लागला. अनोळखी लोक आपापले तर्क वर्तमानपत्रांना आणि पोलिसांना लिहून कळवूं लागले. खुद्द डिकन्सचा असा पक्का तर्क होता कीं, बाप आणि दाई यांचा संबंध मुलानें पाहिला म्हणून दोघांनीं त्याला मारलें. तर्क चुकीचा होता. १८६५ सालीं कॉन्स्टन्सनें आपण होऊन गुन्हा कबूल केला. देहान्ताची शिक्षा कमी होऊन तिनें वीस वर्षें तुरुंगांत काढलीं, पुढें ती ऑस्ट्रेलियांत गेली, नांव बदलून तिनें रुग्णशुश्रूषेचें काम केलें, आणि १९४४ मध्यें वयाच्या शंभराव्या वर्षीं ती वारली. मधल्या पांच वर्षांत बाप आणि दाई यांच्यावर जो कलंक राहिला त्याचा हिशेब तर्क करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं दिला असेल?

याच प्रकरणांतली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९२८ सालीं जॉन ऱ्होड या लेखकानें कॉन्स्टन्सवर एक पुस्तक लिहिलें. पुढल्याच वर्षीं प्रकाशकाकडे सिडनीहून एक निनावी पत्र आलें. तें खुद्द कॉन्स्टन्सनेंच लिहिलें वा लिहविलें असावें, असें अभ्यासक मानतात. पत्राचा बराच भाग तिच्या आईविषयीं आहे. केंट यांची पहिली बायको वेडी होती, आणि तेंच वेड मुलींत उतरलें, असें सत्तर वर्षें लिहिलें जात होतें. पत्र लिहिणाराचें म्हणणें असें कीं, आई वेडी नव्हती. तिच्याच घरांत तिला बाजूला सारण्यांत आलें होतें. गुन्ह्याच्या कथेला कारण हवें होतें, म्हणून एका मृत स्त्रीला वेडी ठरविणें सर्वांना सोयीचें झालें. तिच्या बाजूनें पहिला शब्द निघाला तो इतक्या वर्षांनीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून, आणि तोही सहीवांचून.

आतां शंभर वर्षें ओलांडून अमेरिकेंत जाऊं. कारण खऱ्या गुन्ह्याच्या कथेला कादंबरीचें मोल तेथेंच मिळालें. १५ नोव्हेंबर १९५९ च्या पहांटे कॅन्सस संस्थानांतील होलकम या लहानशा गांवीं हर्बर्ट क्लटर हा शेतकरी, त्याची बायको बॉनी, सोळा वर्षांची नॅन्सी आणि पंधरा वर्षांचा केनियन, असे चौघे घरांतच बंदुकीनें मारले गेले. घरांत तिजोरी आहे अशा खोट्या बातमीवर दोन सुटलेले कैदी तेथें आले होते. त्यांच्या हातीं लागले सुमारें चाळीस-पन्नास डॉलर. ट्रूमन कपोटी या लेखकानें सहा वर्षें या विषयाला वाहिलीं. दोघां खुन्यांना १९६५ च्या एप्रिलमध्यें फांशी झाल्यावर त्याचें 'इन कोल्ड ब्लड' हें लेखन प्रथम साप्ताहिकांत व १९६६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें आणि जगभर गाजलें.

या ग्रंथाची सारी रचना दोन कुटुंबांच्या तुलनेवर उभी आहे. एक क्लटर कुटुंब: कष्टाळू, देवभीरु, दारूला न शिवणारें, शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणारें. मृत्यूच्या आदल्या दिवशीं नॅन्सी शेजारच्या मुलीला चेरीचा पाय करावयास शिकविते. दुसरें कुटुंब पेरी स्मिथ या खुन्याचें. आईबाप दोघेही घोड्यांवरील कसरतींचे खेळ करणारे. आई पुढें दारूच्या आहारीं गेली, संसार मोडला, मुलें अनाथालयांत गेलीं. एका भावानें व एका बहिणीनें जीव दिला. पेरीच्या बापानें त्याच्याविषयीं लिहिलेला अशुद्ध भाषेंतला लांबलचक मजकूर आणि बहिणीनें त्याला तुरुंगांत पाठविलेलें पत्र कपोटीनें आपल्या पुस्तकांत घेतलें आहे. तीं वाचतांना मन हेलावतें. मोडलेल्या घरांतून आलेला माणूस सुखी घराच्या दारांत उभा राहतो, आणि त्याच्या आयुष्यभराच्या रागाचें उत्तर त्या निरपराध घराला द्यावें लागतें, असा या ग्रंथाचा रोख आहे.

ग्रंथ थोर आहे, यांत शंका नाहीं. खुन्यालाही आईबाप होते, तोही कधीं मूल होता, हें इतक्या ताकदीनें पूर्वीं कोणीं क्वचितच सांगितलें असेल. पण येथेंही वजनाचा कांटा सरळ नाहीं. क्लटरांच्या दोन थोरल्या मुली त्या रात्रीं घरीं नव्हत्या म्हणून वांचल्या. एक लग्न होऊन गेलेली, दुसरी शिकावयास दूर असलेली. आईबाप आणि भावंडें एका रात्रींत गमावलेल्या या मुलींना ग्रंथांत फार थोडी जागा आहे. आईला त्यांत दुःखानें खचलेली, खोलींत पडून राहणारी बाई म्हणून रंगविलें आहे; आमची बॉनी तशी नव्हती, असें तिच्या आप्तांचें म्हणणें राहिलें. पुस्तकाच्या अखेरीस तपास-अधिकारी आणि नॅन्सीची मैत्रीण स्मशानांत भेटतात तो शांत, सुंदर प्रसंग तर कपोटीनें मनानें रचलेला आहे. खुन्याचें घर त्याच्याच माणसांच्या पत्रांतून बोलतें; मेलेल्यांचें घर लेखकाच्या कल्पनेंतून बोलतें. एकाच्या जखमा दिसतात, दुसऱ्याची केवळ मूर्ति दिसते. आणि मूर्तीला दुःख होत नसतें.

हें सारें परदेशचें झालें, असें कोणी म्हणेल. पण क्लटरांच्या खुनाच्या आधीं सहा-सात महिने, त्याच १९५९ सालीं, मुंबईंत नानावटी प्रकरण घडलें होतें. आरमारांतील एका कमांडरनें आपल्या बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजा याला, गोळ्या घालून ठार केलें. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपीला निर्दोष ठरविलें. तो निर्णय न पटून न्यायाधीशांनीं प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें; तेथें जन्मठेप झाली, १९६१ मध्यें सुप्रीम कोर्टानें ती कायम केली, आणि पुढें राज्यपालांनीं माफी दिली. या सर्व काळांत 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें आरोपीची बाजू हिरीरीनें मांडली. त्याचें तंत्र आपण वर पाहिलेलेंच होतें. देशासाठीं समुद्रावर असणारा रुबाबदार पति, वाट चुकलेली पण पश्चात्ताप पावलेली पत्नी, अजाण मुलें, आणि हें सुखी घर फोडणारा छचोर श्रीमंत! घर म्हणून जें होतें तें एकाच बाजूला. आहुजालाही घर होतें; तो ज्या बहिणीबरोबर राहत असे तिनें भावाला न्याय मिळावा म्हणून कोर्टांत धडपड केली. परंतु ज्या कथेंत भाऊ खलनायक ठरला तींत बहिणीच्या शोकाला जागा मिळणें कठीणच होतें.

मग या वाङ्मयाला दुसरी वाटच नाहीं काय? आहे, आणि ती अलीकडे एका इतिहासलेखिकेनें दाखविली आहे. १८८८ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत पांच स्त्रियांचे खून झाले. 'जॅक द रिपर' या टोपणनांवानें ओळखला जाणारा खुनी कधींच सांपडला नाहीं, आणि तो कोण असावा यावर सव्वाशें वर्षें पुस्तकांमागून पुस्तकें निघत राहिलीं. त्या पांच स्त्रियांविषयीं 'वेश्या' या एका शब्दापलीकडे फारसें लिहिण्याची गरज बहुतेकांना वाटली नाहीं. हॅली रूबेनहोल्ड यांनीं 'द फाइव्ह' या आपल्या २०१९ सालच्या ग्रंथांत खुन्याला बाहेर ठेवलें आणि जन्मनोंदी, अनाथालयांचीं दप्तरें, घरभाड्याच्या वह्या धुंडाळून या स्त्रियांचीं घरें शोधलीं. पांचांपैकीं निदान तिघींविषयीं तरी वेश्याव्यवसायाचा पुरावा नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. मेरी अ‍ॅन निकल्स ही लोहाराची मुलगी, छापखान्यांतल्या कामगाराची बायको आणि पांच मुलांची आई होती. अ‍ॅनी चॅपमन एका गाडीवानाची पत्नी. मद्यानें तिचा संसार गेला. एलिझाबेथ स्ट्राइड ही स्वीडनमधून आलेली शेतकऱ्याची कन्या. सुतार नवऱ्याबरोबर तिनें कॉफीचें दुकान चालविलें होतें.

चौथी कॅथरीन एडोज. तिची कथा आपल्या विषयाशीं विलक्षण रीतीनें जोडलेली आहे. तिच्या मुलांचा बाप टॉमस कॉनवे हा जुना शिपाई. पेन्शनीच्या जोडीला तो गांवोगांव स्वस्त चोपड्या विकी, आणि तीही त्याच्याबरोबर हिंडे. खून, फांशी आणि कैद्याचें शेवटलें भाषण हा या चोपड्यांच्या बाजारांतला हमखास खपाचा माल होता. त्याच बाजारावर जिचा संसार कांहीं काळ चालला, ती पुढें स्वतःच त्या बाजारांतला माल झाली! पोलिसांनीं तिच्या प्रेताची नोंद केली तेव्हां हातावर निळ्या शाईनें गोंदलेलीं दोन अक्षरें लिहून घेतलीं. तीं कॉनवेच्या नांवाचीं आद्याक्षरें होतीं. त्या अक्षरांवरून एक सबंध संसार वाचतां आला असता. पण तपास करणारांना तीं केवळ ओळख पटविण्यापुरतीं हवीं होतीं आणि लेखकांना तेवढीही गरज नव्हती.

श्रोतेहो, गुन्हेवृत्तान्त वाचूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. कायदा कसा चालतो, माणूस कोठें घसरतो, पोलीस आणि न्यायाधीश कोठें चुकतात, हें नागरिकाला कळलेंच पाहिजे. आणि व्हिचरसारख्या प्रामाणिक माणसावर झालेला अन्याय अशाच पुस्तकांनीं पुढें धुऊन काढला. केट समरस्केल यांनीं २००८ सालीं रोड येथील खुनावर लिहिलेला ग्रंथ याचें उत्तम उदाहरण आहे. पण हें वाङ्मय वाचतांना, पुस्तकांतलें घर कोणत्या कामाला जुंपलें आहे, हें पाहण्याची संवय आपण लावून घ्यावी. फार पवित्र आणि फार शापित घर दिसलें म्हणजे थोडें थांबावें, आणि तेथून कोणतें माणूस काढून टाकलें आहे याचा शोध घ्यावा. खऱ्या घरांत आई कधीं आजारी असते, कधीं हंसत असते. बाप प्रेमळही असतो आणि हटवादीही असतो. भावंडें भांडतात आणि एकमेकांसाठीं जीवही टाकतात. अशा सामान्य घरांवरच एखाद्या रात्रीं संकट कोसळतें.

खून झालेल्या माणसाचें आयुष्य खुनाच्या दिवशीं संपतें. पण तें त्या दिवसासाठीं घडलेलें नसतें. त्यापूर्वींचीं वीस, तीस, चाळीस वर्षें त्याचीं स्वतःचीं असतात, त्याच्या माणसांचीं असतात. तीं वर्षें जो लेखक परत देतो त्याचें पुस्तक आपण घरांत आणावें. नाहींतर त्या घरांतून एकदां खुनी जीव घेऊन गेला आणि दुसऱ्यांदा लेखक त्याचें नांव घेऊन गेला, असेंच म्हणण्याची पाळी येईल.